कामाची चिठ्ठी कोणाच्या हाती?

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी शिक्षण, संघटन आणि समाजकार्य यांविषयी लेख येतात. यंदा आम्ही एक वेगळा, वरवर पाहता रुक्ष वाटणारा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपली मुले-मुली, सुना आणि जावई ज्या कचेऱ्यांत काम करतात, त्या कचेऱ्यांत काम वाटणाऱ्या आणि मोजणाऱ्या संगणकीय साधनांचा हा विषय आहे. घरात जेवणाच्या वेळी 'जिरा', 'टिकेट', 'स्प्रिंट' हे शब्द कानांवर पडतात आणि वडीलधारी मंडळी ते ऐकून न ऐकल्यासारखे करतात. आमच्या मते असे करणे योग्य नव्हे. या शब्दांमागे काम, मोबदला आणि मान यांचा जुनाच प्रश्न उभा आहे, आणि त्या प्रश्नाशी आपल्या समाजाची ओळख फार पूर्वीची आहे.

गेल्या हिवाळ्यात लेस्टरमध्ये एका कौटुंबिक मेळाव्यात घडलेला प्रसंग या लेखास निमित्त झाला. संगणक क्षेत्रात काम करणारी एक मुलगी आपल्या भ्रमणध्वनीवर काहीतरी पाहत बसली होती. शेजारी बसलेल्या, होजिअरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारले, "सुटीच्या दिवशीही काम?" ती म्हणाली, "काम नाही काका, फक्त टिकेट कोणाच्या नावावर गेले ते पाहते आहे." काका हसले आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही टिकेटच आहे तर! आम्हीही चाळीस वर्षांपूर्वी टिकेटच कापीत होतो." मग त्यांनी सांगितले, की कारखान्यात कपड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी येत असे. आपल्या वाट्याचे शिवण झाले, की चिठ्ठीचा आपला तुकडा कापून कागदावर चिकटवावयाचा आणि आठवड्याअखेर तो कागद दाखवून मजुरी घ्यावयाची. तुकडा हरवला, तर काम केल्याचा पुरावाच हरवला. एकदा त्यांचे असे काही तुकडे मुकादमाच्या टेबलावरून नाहीसे झाले आणि तितक्या कामाची मजुरी बुडाली. "तेव्हापासून," काका म्हणाले, "मी रोज एका वहीत आकडा लिहून ठेवू लागलो."

ती वही आमच्या मनातून जाईना. पुढे थोडे वाचन केले असता ध्यानात आले, की ही चिठ्ठी काकांच्या कारखान्याहूनही फार जुनी आहे आणि तिचा इतिहास याच परगण्यातील आहे.

लेस्टर आणि नॉटिंगहॅम हे परगणे मोजे विणण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणण्याचा माग तयार केला आणि पुढील दोन-अडीच शतके येथील खेड्यापाड्यांतील कुटुंबे आपल्या घरातच असे माग चालवीत राहिली. आजही लेस्टरजवळच्या विग्स्टन गावी अशा विणकरांचे घर आणि माग संग्रहालय म्हणून जपून ठेवले आहेत. ज्यांनी ते पाहिले नसेल, त्यांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. या विणकरांचा माग बहुधा त्यांच्या मालकीचा नसे. काम असो वा नसो, मागाचे भाडे द्यावेच लागे. व्यापारी आणि विणकर यांच्यामध्ये एक मध्यस्थ असे. व्यापाऱ्याने कोणता दर ठरविला आहे, हे विणकरास कळण्याचा मार्ग नव्हता. मध्यस्थ सांगेल तो दर आणि देईल ती मजुरी, असा तो व्यवहार होता.

यावर १८४५ साली ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा केला. होजिअरीच्या कारागिरास काम देताना कामाचा आणि ठरलेल्या अटींचा तपशील लिहिलेली चिठ्ठी द्यावी, असा त्याचा आशय होता. त्या कायद्याच्या शीर्षकातच 'कामाची टिकेटे' हा शब्दप्रयोग आहे. आज संगणक कचेऱ्यांत जो शब्द आपण ऐकतो, तोच हा. त्या काळी ही चिठ्ठी मागण्याची गरज मालकास नव्हती, तर कारागिरास होती. अंधारात ठरणारा दर उजेडात यावा, हा तिचा हेतू होता. अर्थात नुसत्या चिठ्ठीने विणकरांचे दैन्य फिटले नाही. मागाचे भाडे मजुरीतून कापून घेण्याची पद्धत कायद्याने बंद होण्यास १८७४ साल उजाडावे लागले.

हे साल आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्या १८७४ साली लेस्टरच्या विणकरांची एक बेडी तुटली, त्याच १८७४ साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत वतनांचा कायदा झाला आणि महार वतन त्या कायद्याच्या चौकटीत बसविले गेले. वतनाच्या कामाचे स्वरूप आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेले आहे. त्या कामास तास नव्हते आणि सीमाही नव्हती. सरकारी अंमलदाराने हाक मारली की निघावयाचे. घरातील कर्ता पुरुष नसेल, तर भावाने, मुलाने किंवा बाईने जावयाचे. काय काम करावयाचे, किती करावयाचे आणि त्याचे काय मिळावयाचे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. गावाकडून मिळणारे बलुते तर देणाऱ्याच्या मर्जीवर होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच अन्यायाविरुद्ध होते. पुढे १९५८ सालच्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली.

आमच्या विषयाचे सूत्र येथे आहे. ज्या कामाची चिठ्ठी नसते, त्या कामास अंत नसतो. हे लेस्टरच्या विणकरास ठाऊक होते आणि आपल्या पूर्वजांस तर त्याहून अधिक ठाऊक होते. म्हणून आजच्या संगणकीय चिठ्ठीकडे आपण तुच्छतेने पाहू नये. तद्वतच तिच्यापुढे डोळे मिटून नतमस्तकही होऊ नये.

ही साधने आहेत तरी काय?

ज्या वाचकांचा या क्षेत्राशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणक-आज्ञावली लिहिणे हे एकट्याचे काम राहिलेले नाही. पाच-दहा जणांचा चमू पुण्यात, तितकाच लेस्टर किंवा लंडनमध्ये आणि आणखी काही अमेरिकेत, असे मिळून ते काम चालते. कोणी काय करावयाचे, कोणाचे कोठे अडले आहे, कोणते दोष दुरुस्त करावयाचे आहेत, याची एक सामाईक नोंद लागते. ही नोंद ठेवणाऱ्या साधनांचा आज मोठा धंदा झाला आहे.

त्यांतील सर्वांत परिचित नाव म्हणजे 'जिरा'. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे माइक कॅनन-ब्रूक्स आणि स्कॉट फार्कर या दोन विद्यार्थीमित्रांनी २००२ साली 'अॅटलासियन' नावाची कंपनी काढली आणि हे साधन बाजारात आणले. भांडवल म्हणून त्यांच्यापाशी क्रेडिट कार्डावरचे सुमारे दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांचे कर्ज होते. नावाची कथा गमतीची आहे. त्यापूर्वी दोषांची नोंद ठेवण्यासाठी 'बगझिला' नावाचे साधन प्रचलित होते. त्यावरून 'गॉडझिला' या चित्रपटातील राक्षसाचे मूळ जपानी नाव 'गोजिरा' त्यांनी घेतले आणि त्याचे शेपूट तेवढे ठेवले. आपल्या मराठी घरांत या नावाने फोडणीचे जिरे आठवते, हा केवळ योगायोग होय. ही कंपनी २०१५ साली अमेरिकेच्या शेअर बाजारात दाखल झाली आणि २०१७ साली तिने 'ट्रेलो' हे दुसरे लोकप्रिय साधन ४२.५ कोटी डॉलरांस विकत घेतले. आपला देशही या धंद्यात मागे नाही. चेन्नईची 'झोहो' आणि पुण्याची 'सेलॉक्सिस' या कंपन्या याच प्रकारची साधने बनवून जगभर विकतात.

साधनाचे मूळ रूप अगदी साधे आहे. एका फळ्यावर तीन रकाने कल्पावेत: 'करावयाचे', 'चालू' आणि 'झाले'. प्रत्येक काम म्हणजे एक चिठ्ठी. चिठ्ठीवर कामाचे वर्णन आणि करणाराचे नाव. काम पुढे सरकले, की चिठ्ठी पुढच्या रकान्यात जाते. ही कल्पना जपानच्या टोयोटा मोटार कारखान्यातून आली. ताइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेथे कार्डांची पद्धत विकसित केली. तिला 'कानबान' म्हणजे फलक असे नाव आहे. पुढच्या खात्यास जितके लागेल तितकेच मागच्या खात्याने करावे, उगाच माल साठवू नये, हे त्या पद्धतीचे तत्त्व होते. संगणक क्षेत्रात तिला जोड मिळाली ती २००१ सालच्या फेब्रुवारीत. अमेरिकेतील युटा राज्यात सतरा आज्ञावलीकार एकत्र आले आणि कागदी योजनांपेक्षा माणसांना व त्यांच्या परस्परसंवादाला अधिक महत्त्व द्यावे, अशा आशयाचा जाहीरनामा त्यांनी काढला. त्यानंतर दोन-दोन आठवड्यांचे छोटे टप्पे, रोज सकाळी उभ्या उभ्या पाच-दहा मिनिटांची बैठक आणि टप्प्याच्या शेवटी चुकांचा मोकळा विचार, ही रीत सर्वत्र रूढ झाली. टप्प्यास 'स्प्रिंट' म्हणतात, म्हणजे धावपटूची छोटी, वेगवान दौड.

यातील एक प्रथा आम्हांस विशेष आवडली. एखादे काम किती मोठे आहे, याचा अंदाज बांधताना चमूतील प्रत्येक जण आपला आकडा पत्त्याच्या पानावर उलटा ठेवतो आणि सर्व पाने एकाच वेळी उघडली जातात. ज्येष्ठाने आधी आकडा सांगितला, तर कनिष्ठ त्याचीच री ओढतो. तसे होऊ नये म्हणून ही युक्ती. ज्याचा आकडा सर्वांत वेगळा, त्याने कारण सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. जेथे बोलण्याचा क्रम जन्मावरून ठरत असे, अशा समाजातून आलेल्या माणसास या छोट्या युक्तीचे मोल निराळे सांगावयास नको.

आकडा कोणाचा?

मग गैर ते काय? गैर हे, की माणसांसाठी केलेला फळा पाहता पाहता माणसांवर नजर ठेवणारा फळा होऊ शकतो.

कामाचा आकार सांगण्यासाठी चिठ्ठीवर गुण लिहिण्याची रीत आहे. हे काम तीन गुणांचे, ते आठ गुणांचे, असे. हे गुण म्हणजे चमूचा आपसातला अंदाज होता. परंतु अंदाज संगणकात गेला, की त्याची बेरीज होते. बेरीज झाली, की आलेख निघतो आणि आलेख निघाला, की वरच्या मजल्यावरील कोणीतरी विचारतो, "या चमूचा वेग गेल्या टप्प्यापेक्षा कमी का?" मग त्याच कामास पाचाऐवजी आठ गुण लिहिले जातात. आलेख चढतो, काम तेवढेच राहते. एखाद्या मापास लक्ष्य बनविले, की ते माप बिघडते, हे निरीक्षण ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते. ज्यांच्याकडे या गुणांच्या कल्पनेचे श्रेय जाते, त्या रॉन जेफ्रीज यांनीही पुढे तिच्या गैरवापराबद्दल खेद व्यक्त केला.

आकडा कोण ठरवितो, या प्रश्नावर याच लेस्टर शहरात एक मोठा लढा झाला आहे आणि तो आपल्या तरुणांस ठाऊक असावयास हवा. 'इम्पीरियल टाइपरायटर्स' या कारखान्यात पूर्व आफ्रिकेतून आलेले आशियाई कामगार मोठ्या संख्येने होते. १ मे १९७४ रोजी त्यांतील ३९ जण काम सोडून बाहेर पडले. पाहता पाहता संपकऱ्यांची संख्या सुमारे पाचशेवर गेली. तक्रारीच्या मुळाशी एक आकडा होता. करारानुसार १६८ यंत्रांनंतर बोनस मिळावयास हवा होता, पण त्यांच्यासाठी तो २०० यंत्रांवर नेण्यात आला होता, असे कामगारांचे म्हणणे होते. गोऱ्या कामगारांच्या तुलनेत मिळणारी भेदाची वागणूक हे दुसरे कारण. त्यांच्या कामगार संघटनेने त्यांना पाठिंबा दिला नाही. तरीही संप जवळजवळ चौदा आठवडे चालला. पुढच्याच वर्षी कारखाना बंद पडला, म्हणून काही जण त्या लढ्यास अपयशी म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. 'हा आकडा कोणी आणि कोणास विचारून ठरविला?' हा प्रश्न स्थलांतरित माणूसही मोठ्याने विचारू शकतो, हे त्या संपाने या शहरास दाखवून दिले.

आज आमच्या मुलांच्या पडद्यावर रोज असा आकडा उमटतो. फरक इतकाच, की तो यंत्राने दाखविल्यामुळे निःपक्षपाती वाटतो.

चिठ्ठी कोणास मिळते?

दुसरा प्रश्न याहून खोल आहे. फळ्यावरील सर्व चिठ्ठ्या सारख्या दिसतात, पण सर्व कामे सारखी नसतात. नवी रचना करण्याचे काम एकास मिळते. दुसऱ्यास वर्षानुवर्षे जुन्या दोषांची डागडुजी मिळते. बढतीच्या वेळी पहिल्याचे नाव पुढे येते, कारण त्याचे काम दिसते. दोघांनीही तितक्याच चिठ्ठ्या पूर्ण केलेल्या असतात.

मुंबईच्या कापड गिरण्यांत असेच होते. ज्या विणखात्यात मजुरी अधिक, त्या खात्यात अस्पृश्य कामगारांस प्रवेश नव्हता. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जात असे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला. गिरणीच्या हजेरीपटावर सर्वच जण 'कामगार' होते. परंतु कोणास कोणते खाते, हे हजेरीपट सांगत नव्हता. पुढे १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात त्यांनी या गोष्टीची मीमांसा केली, की जातिव्यवस्था केवळ कामे वाटून देत नाही, तर काम करणाऱ्यांनाच उतरंडीच्या कप्प्यांत बंद करते.

'संगणक जात ओळखत नाही,' असे आमचे काही मित्र म्हणतात. संगणक ओळखत नसेल, पण चिठ्ठी देणारा हात माणसाचा असतो. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने 'सिस्को' या कंपनीवर एका दलित अभियंत्यास जातीमुळे दुय्यम वागणूक मिळाल्याचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले आणि दोन व्यवस्थापकांविरुद्धचा दावा २०२३ साली मागे घेण्यात आला. त्या एका दाव्यावरून कोणासही दोषी ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कोणास कामातून बाजूला ठेवले, कोणाची जबाबदारी कमी केली आणि कोणास संधी नाकारली, हे प्रश्न संगणक क्षेत्रातही न्यायालयापर्यंत जाऊ शकतात, हे त्यामुळे जगासमोर आले. सिअॅटल नगरीने २०२३ साली जातीय भेदभावास मनाई करणारा नियम केला. ब्रिटनमध्ये २०१३ साली पार्लमेंटने समता कायद्यात जातीचा उल्लेख करण्याचे बंधन शासनावर घातले. परंतु २०१८ साली शासनाने तसे न करता न्यायालयीन निर्णयांवर विसंबण्याचे ठरविले. म्हणजे येथे कायद्याचे छत्र पुरतेपणी उघडलेले नाही. अशा वेळी ज्याच्यापाशी लेखी नोंद आहे, त्याचेच म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता अधिक.

नोंद नसली, की काय होते याचे उदाहरणही याच देशातील आहे. भारतातून आणलेल्या एका घरकामगार महिलेस २०१५ साली न्यायाधिकरणाने थकलेल्या किमान वेतनापोटी एक लाख ऐंशी हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर केली. तासाला अवघ्या ११ पेन्सांच्या हिशेबाने तिच्याकडून वर्षानुवर्षे काम करून घेण्यात आले होते. त्या घरात कामाची चिठ्ठी नव्हती. वतनाची सावली समुद्र ओलांडून येऊ शकते, याची खूण आणखी कोणती हवी?

आमचे म्हणणे

यास्तव आमचे म्हणणे असे, की ही साधने टाकून देण्याची नाहीत. ती आपल्या हाती घेण्याची आहेत. 'हा सारा मालकाचा हेरफळा आहे' असे म्हणणारे तरुण आम्हांस भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. फळा नव्हता, त्या कचेरीत काम कोणी केले हे ठरविण्याचा अधिकार जो साहेबांबरोबर जेवतो त्याला होता. आपली मुले बहुधा त्या टेबलावर नसतात. त्यांच्या नावाची चिठ्ठी, तिच्यावरची तारीख आणि त्यांनी लिहिलेला मजकूर, हीच त्यांची शिफारस आहे. मग ती शिफारस दुसऱ्याच्या हाती का सोडावी?

म्हणून काही गोष्टी आम्ही आपल्या तरुणांस वडीलकीच्या नात्याने सुचवितो.

पहिली, आपली चिठ्ठी आपण लिहावी. केवळ 'दोष दुरुस्त केला' एवढे लिहू नये. दोष काय होता, का झाला, कोणता मार्ग निवडला, हे चार ओळींत लिहावे. नम्रतेपोटी आपले काम न लिहिणे हा आपल्या घरांतून आलेला संस्कार आहे. तो येथे उपयोगाचा नाही.

दुसरी, फळ्यावर नसलेले काम फळ्यावर आणावे. नव्या सहकाऱ्यास शिकविणे, रात्री पुण्याहून आलेला दूरध्वनी घेणे, दुसऱ्याची चूक निस्तरणे, या कामांची चिठ्ठी निघत नाही आणि म्हणून ती कोणी केलीच नाहीत असे होते.

तिसरी, वर्षातून दोनदा आपल्या चिठ्ठ्यांकडे मागे वळून पाहावे. किती नव्या कामांच्या, किती डागडुजीच्या? हे प्रमाण सहकाऱ्यांच्या तुलनेत सतत एकाच बाजूस झुकत असेल, तर व्यवस्थापकाशी सभ्यपणे आणि नोंद समोर ठेवून बोलावे. आपल्याविषयी मालकाने साठविलेली वैयक्तिक माहिती मागण्याचा हक्क या देशातील माहिती संरक्षण कायद्याने प्रत्येकास दिला आहे. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रे घरी आणणे हा गुन्हा ठरू शकतो, हे ध्यानात ठेवावे. काकांप्रमाणे आपली वही आपण ठेवावी, मालकाची उचलू नये.

चौथी, कामाचे तास विसरू नयेत. दोन आठवड्यांची दौड संपली, की लगेच दुसरी सुरू होते. जन्मभर दौडणारा धावपटू आम्ही तरी पाहिलेला नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली भारतातील कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ब्रिटनमध्येही १९९८ च्या नियमांनी सरासरी ४८ तासांची मर्यादा घातली. परंतु ती सोडून देण्याच्या संमतिपत्रावर कामगार सही करू शकतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात हे पत्र असेल, तर ते वाचूनच सही करावी. सही न करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. ६ एप्रिल २०२० पासून नोकरीच्या अटींचे लेखी निवेदन पहिल्याच दिवशी मिळण्याचा हक्कही येथील कामगारास आहे. १८४५ च्या त्या चिठ्ठीचे हे आजचे रूप होय.

आणि आपल्या घरचा फळा?

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या कचेऱ्यांविषयी बोललो. आता थोडे आपल्याविषयी बोलू, कारण जो प्रश्न आपण मालकास विचारतो, तो स्वतःस विचारण्याचे धैर्य असले पाहिजे.

आपल्या संस्थांच्या कार्यक्रमांची कामे कोण करतो? एप्रिलमधील जयंतीचा सोहळा घ्या. सभागृह ठरविणे, पाहुण्यांना विमानतळावरून आणणे, ध्वनिक्षेपक, मुलांची नाटिका, स्मरणिकेच्या जाहिराती, दीडदोनशे माणसांचे जेवण आणि शेवटी रात्री अकरा वाजता त्या मोठ्या पातेल्यांची घासणी. आभारप्रदर्शनात सभागृह ठरविणाराचे नाव येते, भाषणे करणारांची नावे येतात. पातेली घासणाऱ्या भगिनींसाठी 'आणि ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष साहाय्य केले' एवढे एक वाक्य असते. आम्ही स्वतः अनेक वर्षे ते वाक्य लिहिले आहे, म्हणून हा दोष प्रथम आमचा आहे. चिठ्ठीविना काम करून घेण्याविरुद्ध ज्या समाजाने लढा दिला, त्याच्याच सभागृहाच्या मागील खोलीत चिठ्ठीविना काम चालावे, हे आम्हांस आता सहन होत नाही.

आमची सूचना साधी आहे. पुढील वर्षीच्या कार्यक्रमासाठी कार्यकारिणीने एक फळा करावा. ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांनी ट्रेलोसारख्या साधनावर करावा, ते विनामूल्यही वापरता येते. ज्यांना नाही, त्यांनी भिंतीवर कागद लावून रंगीत चिठ्ठ्या चिकटवाव्यात. सभागृहापासून भांड्यांपर्यंत प्रत्येक कामाची चिठ्ठी निघावी आणि तिच्यावर करणाराचे नाव यावे. सलग दोन वर्षे एकच नाव भांड्यांच्या चिठ्ठीवर दिसले, तर तिसऱ्या वर्षी ती चिठ्ठी अध्यक्षांनी किंवा चिटणिसांनी घ्यावी. त्यात कोणाचा मान जाणार नाही, उलट वाढेल. आमच्या मुलांना समता हा शब्द व्यासपीठावरून कितीदा तरी ऐकू येतो. तो भिंतीवरच्या कागदावर वाचावयास मिळाला, तर त्यांना तो अधिक खरा वाटेल.

या सूचनेवर एक आक्षेप येईल, तो आम्हीच मांडतो. समाजकार्य हे प्रेमाने करावयाचे असते, त्यात हिशेब कशाला? आमचे उत्तर असे, की हिशेब आणि माप यांत फरक आहे. कोणाचे गुण किती, कोणाचा वेग किती, असले माप आपल्या फळ्यावर मुळीच नको. तो रोग कचेऱ्यांतच राहू द्यावा. आपल्या चिठ्ठीवर काम आणि नाव एवढेच असावे. ज्याने केले त्याचे नाव घेणे हा हिशेब नव्हे, ती कृतज्ञता होय.

त्या मेळाव्याच्या शेवटी काकांनी त्या मुलीस विचारले होते, "तुझे टिकेट मिळाले का?" ती म्हणाली, "मिळाले, पण माझ्या नावावर नाही." काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "मग उद्या विचार, बेटा. आणि विचारल्याची तारीख लिहून ठेव."

पुढे काय झाले, हे तिने नंतर सांगितले. तिने विचारले. चूक व्यवस्थापकाने मान्य केली आणि चिठ्ठीवर नाव बदलले. गोष्ट लहानच होती. परंतु ज्यांच्या पणजोबांना आपले नाव कोणत्याही कागदावर कामाचा धनी म्हणून लिहून घेता आले नाही, त्यांच्या घरात ती लहान मानली जाऊ नये, एवढीच आमची सर्व बंधू-भगिनींस विनंती आहे.

जयभीम!